ब्याण्णव मीटरची शर्यत

जानेवारी लागला की आमच्या विक्रोळीच्या हवेत एक पांढरट धुरकटपणा येऊन बसतो. त्याला धुकं म्हणायचं असं इथे सगळ्यांचं ठरलेलं आहे. सकाळी फिरायला निघालेले काका एकमेकांना सांगतात, "काय धुकं पडलंय! महाबळेश्वरला आल्यासारखं वाटतंय." आणि मग खोकतात. मी चौथ्या मजल्याच्या खिडकीत चहाचा कप घेऊन उभी असते. खाली मैदानावर कुठल्या तरी शाळेच्या वार्षिक खेळांची तयारी चाललेली असते. ढोलाचा ठोका, शिट्टी, माईकवर "हॅलो, हॅलो, चेक." एक माणूस वाकून फक्कीची पांढरी रेघ ओढत मागे मागे सरकत असतो. रेघ सरळ येते आहे का ते तो अधूनमधून थांबून बघतो. किती लांब येते आहे ते बघत नाही.

बाकीच्यांचा जानेवारी तिळगुळाचा, पतंगांचा, कपाटाच्या तळातून निघालेल्या स्वेटरांचा. माझा फक्कीच्या वासाचा. चुन्यासारखा, घशात बसणारा कोरडा वास. सात वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तो माझ्या नखांना, वहीच्या पुठ्ठ्याला, घड्याळाच्या दोरीला लागलेला असायचा. हात धुतले तरी जेवताना यायचा.

मी त्या मैदानावर गेले ती पळता येत होतं म्हणून नव्हे. बाबांना वाटत होतं की मुलगी घुमी होत चालली आहे, चार पोरींत मिसळली तर बोलेल. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. कॉलनीतल्या मुली मराठी शाळेतल्या, बोलायला एकदम तिखट. त्यांच्या मस्करीला माझ्याकडे वेळेवर उत्तर नसायचं. ते घरी जिना चढताना सुचायचं. तिथे धावण्याचा क्लब चालवणाऱ्या सावंत सरांनी मला दोन दिवस पळवून बघितलं आणि तिसऱ्या दिवशी हातात स्टॉपवॉच आणि वही ठेवली. "अक्षर चांगलंय तुझं. तू वेळ लिही," म्हणाले. मला सुटल्यासारखं वाटलं. वही घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही.

सर दिवसा एका कारखान्यात नोकरी करायचे आणि उरलेला सगळा वेळ मैदानाला द्यायचे. कोणाकडून काही घेत नसत. त्यांनी मला वेळ घ्यायला शिकवली ते अजून आठवतं. शर्यत सुटताना एक जण दोन लाकडी फळ्या एकमेकींवर आपटतो. "आवाजावर बटण दाबायचं नाही," सर म्हणाले. "फळ्या मिटताना दिसल्या की दाबायचं. आवाज तुझ्यापर्यंत येईस्तोवर पोरगी सुटलेली असते. आवाजावर दाबलंस तर वेळ कमी येते. ती चोरी झाली." चोरी हा शब्द त्यांनी अशा आवाजात म्हटला की पुढे कित्येक महिने माझा अंगठा घाबरून असायचा. सेकंदाच्या एका तुकड्यासाठी इतका कडक असलेला माणूस. हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढे जे झालं त्यात सरांना वाईट ठरवणं सोपं आहे, आणि ते खरं नाही.

सुजाता आमच्या मागच्या चाळीत राहायची. माझ्याच वयाची, तेव्हा अठराची. वडील ती लहान असतानाच गेलेले. आई एका हॉस्पिटलमध्ये आया. मूळची हिंगोलीकडची माणसं. सकाळी त्यांच्या घरातून वंदनेचे सूर ऐकू यायचे, ते थांबले की दोन मिनिटांत सुजाता मैदानावर. ती पळायची कशी, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं, कारण ती पळत असताना मी घड्याळाकडे बघत असायचे. मला आठवतो तो तिच्या स्पाइकचा मातीत रुतून सुटणारा आवाज, आणि शेवटी गुडघ्यांवर हात ठेवून, वाकूनच विचारलेलं, "किती गं?"

"तेरा पॉइंट एक."

"शी! काल पण तेरा एक. तुझं घड्याळ झोपलंय का, ए शहाणे?"

"घड्याळ बरोबर आहे."

"मग मीच झोपलेय." आणि ती तशीच मातीत बसून हसायची. माझ्या घुमेपणाची तिला कधी अडचण झाली नाही. दोघींच्या वाटचं ती एकटीच बोलायची.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता मैदानाच्या एका टोकाला उंच ध्वजस्तंभ उभा राहिला. वॉर्डातले भाऊ, ज्यांचा फोटो आमच्याकडे दहीहंडीपासून रक्तदानापर्यंत प्रत्येक बॅनरवर असतो, त्यांनी तो आणला. देखणा होता. मान मागे टाकून बघितलं की हात आपोआप सलामाला वर जायचा. आजही जातो, आणि ते खोटं नाही. पण स्तंभाला खाली काँक्रीटचा चौथरा लागला. चौथऱ्याला पायऱ्या लागल्या, पायऱ्यांभोवती कुंड्या, कुंड्यांभोवती स्टीलचं रेलिंग. पूर्वी शंभर मीटरची शेवटची रेघ नेमकी तिथे होती आणि तिच्यापुढे वेग आवरायला मोकळी जागा. आता मुलं रेलिंगवर जाऊन आपटायला लागली. दोघांचे गुडघे फुटले, तेव्हा शेवटची रेघ अलीकडे घेतली गेली. सुरुवातीची रेघ तेवढीच मागे न्यायला हवी होती, पण मागे नाला आणि नाल्याची भिंत. ती जागच्या जागी राहिली. दिवाळीच्या सुट्टीत कधीतरी हे झालं. सुट्टी संपवून सर आणि आम्ही आलो तेव्हा फक्की ताजी होती आणि नाव जुनंच होतं. शंभर.

पहिल्याच आठवड्यात सुजाता बारा एकमध्ये आली.

मी घड्याळ हलवून बघितलं. सर धावत आले, तिला पाणी दिलं, अर्ध्या तासाने पुन्हा पळवलं. बारा दोन. सरांनी पावसाळाभर पोरींना पार्कसाइटच्या चढावर पळवलं होतं, पाऊल लांब टाकायला शिकवलं होतं. त्यांना वाटलं, त्याचं फळ आलं. त्यांनी चष्मा काढून शर्टाने पुसला आणि बराच वेळ परत घातला नाही.

मग सगळ्यांच्याच वेळा उतरल्या. उपनगरातल्या निवडीच्या शर्यती त्या वर्षी आमच्याच मैदानावर झाल्या. घाटकोपर, मुलुंड, बोरीवलीहून मुली आल्या आणि सगळ्याच आपल्या नेहमीच्या वेळेपेक्षा भारी पळाल्या. मुलुंडचे सर जाताना म्हणाले, "माती फास्ट आहे हां तुमची. झकास!" कोण कशाला विचारेल? ज्याने विचारायचं त्याच्याही पोरींचं त्यात भलं होत होतं. सुजाता पहिली आली. ती तशीही आली असती, खरोखरच त्यांच्यात तीच सर्वांत वेगवान होती. हे मला नंतर सगळ्यात जास्त टोचलं. तिला त्या जवळच्या रेघेची गरज नव्हती. गरज आम्हाला होती.

कॉलनीच्या कमानीवर बॅनर लागला. वाऱ्याची लेक, विक्रोळीची शान. तिचा फोटो, त्याच्या दुप्पट भाऊंचा फोटो, मागे तिरंगी पट्टे. क्लबच्या पानावर टाकायला सरांनी माझ्याकडून इंग्रजीत मजकूर लिहून घेतला, कारण इंग्रजीत लिहिलं की लोक गंभीरपणे घेतात. देशाची उद्याची आशा वगैरे मी लिहिलं. लिहिताना छान वाटलं. माझं नाव त्यात कुठे नव्हतं, पण मी त्या आशेच्या अगदी शेजारी उभी होते.

मला शंका कशी आली ते सांगते, कारण त्यात माझं काहीही शहाणपण नाही. एका शनिवारी सरांनी गंमत म्हणून सगळ्यांनाच पळवलं, मलाही. माझी जुनी वेळ सतरा चार होती. या वेळी सोळा आली. पोरींनी टाळ्या वाजवल्या. "बघ, नुसतं बघून बघून फास्ट झाली," सुजाता म्हणाली. सहा महिन्यांत मी बिस्किटं खाण्यापलीकडे काही केलं नव्हतं. चाळीस मुलांची प्रगती मला पटली होती. स्वतःची काही केल्या पटेना.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, मैदान रिकामं असताना मी बाबांना घेऊन गेले. बाबा ड्राफ्ट्समन. त्यांच्याकडे तीस मीटरची टेप होती, चामड्याच्या गोल डबीतली. ते एका टोकाला, मी दुसऱ्या. तीन वेळा टेप पुढे सरकवली. चौथ्यांदा पूर्ण उलगडायची वेळच आली नाही. बाबांनी आकडा वाचला, चष्मा वर करून पुन्हा वाचला. "ब्याण्णव," म्हणाले. "वर काही सेंटिमीटर." मग टेप गुंडाळताना, "सरांना सांग आणि विषय सोड. आपण इथे राहतो."

सोमवारी मी सरांना बाजूला नेलं. एवढं एक वाक्य म्हणायला मी दिवसभर तालीम केली होती.

"सर, ग्राउंड मोजलं. ब्याण्णव आहे."

सर घड्याळाची दोरी बोटाला गुंडाळत होते. ती पूर्ण गुंडाळली, मग सोडली. "कोणी सांगितलं मोजायला?"

"कोणी नाही."

"अजून कोणाला माहितीय?"

"बाबांना फक्त."

ते पोरींकडे बघत राहिले. "हे बघ," शेवटी म्हणाले, "ती पोरगी पहिल्यांदा ताठ चालायला लागलीय. आपली पोरं पाय कमी पडतात म्हणून हरत नाहीत गं, आधी डोक्यात हरतात. तिकडे पुण्याला सिंथेटिक ट्रॅक आहे, मातीपेक्षा फास्ट. जे इथे कमी ते तिथे भरून निघेल."

"पण सर, आवाजावर बटण दाबलं तर चोरी, तुम्हीच..."

"तू वही लिही." ते एकदम थकल्यासारखे बोलले. "तिचा कॉन्फिडन्स तुटला तर जबाबदार कोण? तू?"

मी वही लिहिली.

आणखी एक भीती होती, ती मी तेव्हा स्वतःशीही बोलले नाही. ब्याण्णव म्हणायचं म्हणजे चौथऱ्याविषयी बोलायचं, आणि चौथऱ्याविषयी बोलायचं म्हणजे झेंड्याविषयी बोलल्यासारखं होणार. त्या स्तंभाच्या जागेबद्दल एका निवृत्त मास्तरांनी काही विचारलं होतं, तर कोपऱ्यावरच्या पोरांनी त्यांना सरळ ऐकवलं, "काका, देशाचं काही चांगलं झालेलं बघवत नाही ना तुम्हाला?" मग माझी काय कथा. इंग्लिश मीडियमवाली, धड बोलत नाही, आली मोठी टेप घेऊन. झेंडा बिचारा वर आपल्या जागी फडकत होता. त्याने कोणाचे मीटर मागितले नव्हते.

आता त्या आठवड्यातला गुरुवार. तो दिवस मी विसरले असं मला अनेकदा वाटतं आणि दरवेळी तो जसाच्या तसा सापडतो.

सुजाताला नर्सिंगला जागा मिळाली होती. नाशिकला, शेवटच्या फेरीत. कागदपत्रं घेऊन हजर व्हायची मुदत शुक्रवारपर्यंत. पुण्याची राज्य स्पर्धा पुढच्या महिन्यात. सरांचं म्हणणं, या वेळेवर पदक नक्की, पदकावर पुढे राष्ट्रीय, मग खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी. आता सराव तुटता कामा नये. सुजाताचंही ठरलं होतं. एकट्या तिच्या आईचं ठरत नव्हतं. मैदानाजवळून जाताना त्यांनी मला हाक मारली, घरी नेलं, चहा केला. सुजाता दारातच बुटाची नाडी बांधत बसली होती, भलतीच खुशीत.

"तुला माहितीय का, पूर्वी मला शंभरला बावन्न पावलं लागायची. मी मोजते मनात. आता अठ्ठेचाळीस. बरोब्बर अठ्ठेचाळीस! पाऊल लांबलंय माझं. सर म्हणत होते ना?"

"छान," मी म्हणाले.

ती पळत सुटली. काकू माझ्यासमोर खाली बसल्या. हात साबणाने पांढरे पडलेले. "पोरी, मी आयुष्यभर लोकांची भांडी उचलली दवाखान्यात. ही सिस्टर झाली असती तर... पण सर म्हणतेत, नशीब उघडलंय. मला त्यातलं काय कळत नाय. तू वही लिहितीस ना? शिकलेली हायस. तू खोटं बोलायची नाहीस. हिचं खरंच एवढं हाय का?"

माझ्या हातात कप होता. चहात आलं जास्त झालं होतं.

"वहीत बारा एक आहे, काकू," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. एकदा, मग परत एकदा. शुक्रवार गेला.

मी खोटं बोलले नाही. वहीत बारा एकच होतं. इतकी वर्षं मी हे वाक्य उलटंसुलटं करून बघते आहे, त्यात खोट सापडत नाही, आणि तेच त्यातलं किळसवाणं आहे.

पुण्याला वेळ घ्यायला यंत्र होतं. माझे हात मोकळे होते, म्हणून मी पहिल्यांदाच सुजाताला पळताना बघितलं. ती सुंदर पळायची. डोकं अजिबात हलायचं नाही, जणू डोक्यावर भरलेला तांब्या आहे. अर्ध्यावर ती तिसरी होती, मग चौथी, पण पहिल्या पाचांत घट्ट. आणि मग, जिथे काहीही नव्हतं, ना रेघ, ना फीत, ना माणूस, तिथे तिने छाती पुढे झोकली, दोन्ही हात मागे फेकले. आमच्या मैदानावर ती शेवटच्या रेघेवर जशी झोकायची तशीच. तिच्या शरीरासाठी शर्यत संपली होती. अठ्ठेचाळीस पावलं झाली होती. मागच्या चौघीही तिच्या दोन्ही बाजूंनी पुढे निघून गेल्या. ती तोल जाऊन दोन पावलं अडखळली, मान वर केली आणि रेघ शोधायला लागली. मी ते बघितलं. इतक्या लोकांसमोर, भर उन्हात, ती जमिनीवर रेघ शोधत होती.

आठवी. तेरा पॉइंट सहा.

परतीच्या गाडीत सगळे एकदम बोलत होते. ट्रॅक नवा होता. लेन मुद्दाम कडेची दिली. पाणी बाधलं. "मशीन पण पुण्याचंच ना!" कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले, हसल्यावर सगळ्यांना थोडं बरं वाटलं. लोणावळ्याला वडापाव खाताना भाऊंच्या एका कार्यकर्त्याने ठरवूनच टाकलं, "अनुभव आला ना? अनुभव म्हणजे जिंकल्यासारखंच." सर पुढच्या सीटवर, मान काचेला टेकवून. त्यांनी एकही कारण दिलं नाही, एवढं मात्र मला नोंदवलं पाहिजे. दुसऱ्यांच्या कारणांना नाहीही म्हणाले नाहीत.

सुजाताने खिडकीतून बाहेर बघत हळूच विचारलं, "मला काय झालं गं तिथे?"

"आपलं ग्राउंड छोटं असेल," मी म्हणाले. "मला वाटतंय तसं."

ती वळली. "मोजू या?"

"मोजू या."

आणि पुढच्या रविवारी मी पुन्हा बाबांकडे टेप मागितली. त्यांनी ती देताना माझ्याकडे नीट बघितलं. पुन्हा तीन वेळा टेप सरकवली. पुन्हा ब्याण्णव. मी आकडा मोठ्याने वाचला, भुवया उंचावल्या, "बाप रे," असंही म्हणाले. सुजाता त्या रेघेवर उभी राहून नाल्याच्या भिंतीकडे बघत होती. "म्हणजे पाऊल लांबलं नव्हतं," एवढंच म्हणाली. मग ती माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, तू एकटीच खरं बोललीस, बाकी सगळे थापाडे.

मी तिच्या पाठीवर हात फिरवला.

सव्वीस जानेवारीला त्याच चौथऱ्यावर तिचा सत्कार झाला. शाल, नारळ, राज्य पातळीवर झेप घेतल्याबद्दल. तिने माईक मागून घेतला आणि म्हणाली, "मी शेवटची आले. आठ जणींत आठवी." मग टाळ्यांचा कडकडाट. भाऊ उठून उभे राहिले. "बघा, बघा! याला म्हणतात संस्कार! एवढं यश मिळवूनही केवढी नम्रता!" ती परत म्हणाली, "नाही हो, खरंच शेवटची." टाळ्या आणखी वाढल्या. त्या दिवशी मला कळलं की आमच्याकडे खरं बोलायला बंदी अजिबात नाही. तुम्ही माईकवरून बोला. लोक त्याचंही कौतुक करून टाकतात.

पुढच्या वर्षी नर्सिंगच्या यादीचे गुण वर चढले, तिचा नंबर लागला नाही.

आता मी अंधेरीत नोकरी करते. दर महिन्याला प्रकल्पांचा अहवाल बनवते; जे काम वेळेत चाललं आहे ते हिरवं, जे घसरलं आहे ते लाल. माझ्या पहिल्याच अहवालात सात चौकोन लाल होते. साहेब अगदी प्रेमाने म्हणाले, "अगं, लाल बघितलं की वरचे लोक पॅनिक होतात. पिवळं कर ना." मी पिवळं केलं. मोठी मॅच जिंकली की त्याच ऑफिसात सगळे उभे राहून ओरडतात, मीही ओरडते, अंगावर काटा येतो, तो खरा असतो. हरली की पंच, खेळपट्टी, दव, नशीब. सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी येतं की जगात आपण अमुक गोष्टीत पहिले आहोत. त्याखाली हात जोडलेली चित्रं. तेवढ्यात कोणीतरी लिहितं, "बी विंगला पाणी नाही." त्याला कोणी उत्तर देत नाही.

देशावर माझं प्रेम कमी आहे असं मला वाटत नाही. मला राग येतो तो वेगळाच. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याकडे आपण डोळे उघडून बघतो, ताप आला तर थर्मामीटर लावतो. आम्ही थर्मामीटर झटकून साडेअठ्ठ्याण्णववर आणतो आणि तो आकडा सगळ्यांना दाखवत फिरतो. हे मी कोपऱ्यावरच्या पोरांबद्दल, भाऊंबद्दल, साहेबांबद्दल गेली सात वर्षं मनात म्हणत आले आहे. मनातल्या मनात मी फार शूर असते.

सुजाता सध्या मानखुर्दच्या एका शाळेत कंत्राटावर खेळाची शिक्षिका आहे. पहिल्याच दिवशी तिने शाळेचं अंगण मोजलं. एक्केचाळीस मीटर भरलं. तेव्हापासून तिच्या मुलांच्या प्रमाणपत्रावर "एक्केचाळीस मीटर शर्यत" असं लिहिलेलं असतं. हेडमास्तर म्हणाले, पन्नास लिहा की हो, बरं दिसतं. ती नाही म्हणाली. मुलांना काही फरक पडत नाही, ती एक्केचाळीस जीव तोडून पळतात.

परवा मंगळवारी तिचा फोन आला.

"ए, शनिवारी रिकामी आहेस? आमचे खेळ आहेत. तू पाहुणी म्हणून यायचंस."

"मी? मी काय बोलणार तिथे?"

"काही नको बोलूस यार, बक्षिसं दे नुसती. मुलांना सांगून ठेवलंय मी. अख्खा वॉर्ड थापा मारत होता तेव्हा एकटी खरं बोलली ना, ती ताई येणारे. सगळी विचारतायत, कशी दिसते, उंच आहे का."

मी नेहमीसारखं "बरं" म्हणणार होते. तोंडातून आलं ते दुसरंच.

"सुजाता, मी पुण्याच्या आधीच मोजलं होतं."

"काय?"

"दिवाळीनंतर. बाबांबरोबर. काकूंनी मला घरी बोलावलं ना, त्याच्या चार दिवस आधी."

तिच्या मागे मुलांचा गलका होता. तो हळूहळू लांब गेला. बहुधा ती वर्गाबाहेर आली.

"आणि नंतर आपण मोजलं ते?"

"ते दुसऱ्यांदा."

"बाप रे म्हणालीस तू."

"हो."

"आईने तुला विचारलं होतं. समोर बसवून विचारलं होतं."

"हो. सॉरी, सुजाता. खरंच सॉरी."

"हलकं वाटलं आता?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला नाही वाटलं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आई अजून दवाखान्याच्या त्याच वॉर्डात भांडी उचलते, माहितीय तुला? मुलांना काय सांगू आता मी?"

"जे आहे ते सांग."

"मी का सांगू? तू येऊन सांग. शनिवारी. माईकवर, मुलांसमोर. आईलाही घेऊन येते मी. आणि सॉरी नको म्हणूस, ते फार पटकन म्हणून होतं."

फोन ठेवला तिने.

आज गुरुवार. कागद समोर आहे. पहिलं वाक्य झालं: मला माहीत होतं. तीन शब्दांचं आहे आणि पूर्ण आहे, पाचवीच्या मुलांनाही समजेल. पण लिहून झालं की दरवेळी माझा हात थांबत नाही, त्याच्यापुढे "पण" लिहितो. पण मी लहान होते. पण सरांनी सांगितलं होतं. पण माझं ऐकलं कोणी असतं? मी ते खोडते, नवा कागद घेते, पुन्हा तिथवर येते. सकाळपासून हे सहाव्यांदा. "पण" खोडला की पुढे बोलायला काहीच उरत नाही, नुसत्या समोर बसलेल्या काकू उरतात, आणि शनिवारी मला त्यांच्याकडे बघतच ते तीन शब्द म्हणायचे आहेत.